न्या. फातिमा बीवी आणि ‘पहिल्या’ महिला न्यायाधीश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. विधी महाविद्यालयांत आणि शाळांमध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती फातिमा बीवींवर बोलायला बोलावतात. कार्यक्रम झाला की पुढचे कितीतरी दिवस उदगीर, अंबाजोगाई, सेलू, परतूर अशा ठिकाणांहून प्रश्न येत राहतात. बरेचसे तेच तेच असतात, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले इथे एकत्र केले आहेत. दोन प्रश्नांचं उत्तर एकच असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भारतातल्या पहिल्या महिला न्यायाधीश कोण? एका पुस्तकात ॲना चांडी लिहिलंय, दुसऱ्यात फातिमा बीवी. परीक्षेत काय लिहायचं?

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, फक्त न्यायालय कोणतं हे सांगायचं राहून गेलं आहे. ॲना चांडी १९३७ मध्ये त्रावणकोर संस्थानात (आताच्या केरळात) मुन्सिफ, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या दिवाणी न्यायाधीश (प्रश्न ३), झाल्या आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. न्यायाधीशपद मिळालेल्या आणि उच्च न्यायालयात पोचलेल्या त्या देशातल्या पहिल्या महिला. सर्वोच्च न्यायालयात पोचलेल्या पहिल्या महिला फातिमा बीवी, ६ ऑक्टोबर १९८९. एखाद्या उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती झालेल्या पहिल्या महिला लीला सेठ, हिमाचल प्रदेश, १९९१. प्रश्नात ‘उच्च’ आहे, ‘सर्वोच्च’ आहे की ‘मुख्य’, एवढा एक शब्द नीट वाचला की गोंधळ होत नाही.

२. फातिमा बीवींची कारकीर्द टप्प्याटप्प्यानं सांगाल का?

जन्म ३० एप्रिल १९२७, पत्तनमतिट्टा, म्हणजे तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातलं गाव. तिरुवनंतपुरमला आधी रसायनशास्त्राची पदवी, मग शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची. १९५० मध्ये बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिला क्रमांक आणि सुवर्णपदक. ते पदक मिळवणारी ती पहिली महिला. १४ नोव्हेंबर १९५० रोजी सनद घेतली आणि कोल्लमच्या खालच्या न्यायालयांत वकिली सुरू केली.

मे १९५८ मध्ये मुन्सिफ. १९६८ मध्ये सब-जज, म्हणजे मुन्सिफच्या वरची दिवाणी न्यायाधीशाची पायरी. १९७२ मध्ये मुख्य न्यायदंडाधिकारी. १९७४ मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश. १९८० मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या न्यायिक सदस्य. ४ ऑगस्ट १९८३ रोजी केरळ उच्च न्यायालय, पुढच्या वर्षी मे महिन्यात तिथेच कायम. २९ एप्रिल १९८९ रोजी तिथून निवृत्त. ६ ऑक्टोबर १९८९ ते २९ एप्रिल १९९२ सर्वोच्च न्यायालय.

शाळेत मी ही यादी फळ्यावर लिहिते आणि मुलींना वर्षांमधली अंतरं मोजायला सांगते. मुन्सिफ ते सब-जज दहा वर्षं. मुन्सिफ ते सर्वोच्च न्यायालय एकतीस वर्षं. मधली एकही पायरी सुटलेली नाही. मला या बाईंबद्दल जे आतून वाटतं ते या यादीमुळेच. ‘पहिल्या’ म्हणून त्यांचा फोटो सगळीकडे लागतो. पण तालुक्याच्या कोर्टात सकाळी अकराला बोर्डावर बसून तारखा देणारी, साक्षी नोंदवणारी, दिवाणी दाव्यांच्या जाड फायली उलटणारी एक न्यायाधीश दिल्लीपर्यंत गेली, हे त्या फोटोखाली कुणी लिहीत नाही.

३. मुन्सिफ म्हणजे नेमकं कोण? आमच्याकडे हा शब्द आजोबांच्या तोंडी ऐकलाय.

आजोबांच्या तोंडी असणारच. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या कोर्टाचा कारभार उर्दूतून चालायचा. ‘मुन्सफ कोर्ट’, ‘वकालतनामा’ हे शब्द आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तिथूनच आले. अरबीतल्या मुन्सिफ या शब्दाचा अर्थ इन्साफ करणारा. पद म्हणाल तर दिवाणी न्यायाधीशांच्या उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी, आज महाराष्ट्रात जिला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणतात ती. म्हणजे फातिमा बीवींनी सुरुवात केली ती खुर्ची तुमच्या तालुक्याच्या कोर्टात आजही आहे.

४. त्यांच्या घरात वकिली होती का? मुस्लिम घरातली मुलगी त्या काळात कोर्टात कशी गेली?

घरात वकिली नव्हती. वडील सरकारी नोकरीत होते. आठ भावंडांत फातिमा सगळ्यात थोरल्या. त्यांना स्वतःला रसायनशास्त्रातच पुढं शिकायचं होतं. कायद्याचा आग्रह वडिलांचा होता आणि त्या आग्रहामागं ॲना चांडी होत्या. आपल्याच भागातली एक बाई न्यायाधीश झाली, हे त्या वडिलांनी पाहिलं होतं आणि मुलीनं तो रस्ता धरावा असं त्यांना वाटलं.

कोल्लमच्या कोर्टात डोक्यावर पदर घेतलेली तरुण वकील उभी राहिली तेव्हा भुवया उंचावल्याच. तरी त्यांनी साडेसात वर्षं वकिली केली आणि मग न्यायिक सेवेत गेल्या. उच्च न्यायव्यवस्थेत पोचलेल्या देशातल्या पहिल्या मुस्लिम महिलाही त्याच.

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक मुलींना आणखी काहीतरी विचारायचं असतं. गेवराईजवळच्या एका गावातल्या मुलीनं शेवटी सरळच विचारलं, “मॅडम, माझे अब्बा ऐकतील का?” तिला मी हीच गोष्ट सांगितली आणि अब्बांनाही सांग म्हटलं. कारण या गोष्टीत मुलीइतकाच बाप महत्त्वाचा आहे.

५. पूर्वी बायकांना वकिली करायला कायद्यानंच बंदी होती, हे खरं का?

खरं आहे. कायद्यात ‘स्त्रियांना मनाई’ असं वाक्य मात्र नव्हतं. १८७९ च्या कायद्यात वकील होऊ शकणाऱ्या ‘व्यक्ती’ असा शब्द होता आणि त्या शब्दात स्त्री येत नाही असा अर्थ न्यायालयांनी लावला. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयानं नाकारला, १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा पाटण्यानं. दोघींकडे कायद्याची पदवी होती. त्याच १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं कॉर्नेलिया सोराबजींना मान्यता दिली. त्या मूळच्या नाशिकच्या. ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या महिला. शेवटी १९२३ मध्ये खास कायदा झाला आणि केवळ स्त्री आहे म्हणून कुणाला वकिलीतून वगळता येणार नाही असं ठरलं.

फातिमा बीवींचा जन्म त्यानंतर चारच वर्षांनी झाला. हे अंतर ध्यानात घेतलं तर त्यांच्या वडिलांच्या आग्रहाचं (प्रश्न ४) वजन कळतं.

६. ॲना चांडींबद्दल पाठ्यपुस्तकात एकच ओळ आहे. थोडं सविस्तर सांगा.

एका ओळीत मावणाऱ्या त्या नव्हेतच. १९०५ चा जन्म. केरळमध्ये कायद्याची पदवी घेणारी पहिली महिला. फौजदारी खटले चालवायच्या आणि ‘श्रीमती’ नावाचं मासिक काढून त्याचं संपादनही करायच्या. १९२८ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका सभेत बायकांना सरकारी नोकऱ्या द्याव्यात का यावर चर्चा होती. एका नामवंत गृहस्थांनी विरोधात भाषण केलं, तेव्हा चांडींनी कोर्टात उलटतपासणी घ्यावी तसा एकेक मुद्दा खोडून काढला. १९३१ मध्ये संस्थानच्या विधिमंडळाची निवडणूक लढवली, बदनामीचा प्रचार झाला, हरल्या. पुढच्या वर्षी पुन्हा उभ्या राहून निवडून आल्या.

१९३७ मध्ये दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी त्यांना मुन्सिफ नेमलं. १९४८ मध्ये जिल्हा न्यायाधीश, १९५९ मध्ये उच्च न्यायालय, १९६७ मध्ये निवृत्ती आणि त्यानंतर विधी आयोगावर काम.

त्यांची एक भूमिका मुलींना चकित करते. त्रावणकोरच्या कायद्यात स्त्रियांना फाशीतून सूट होती आणि चांडींनी त्या सवलतीलाच विरोध केला. समान हक्क मागायचे तर शिक्षेतही वेगळं माप नको, असं त्यांचं म्हणणं होतं. यावर वर्गात दोन गट पाडून वाद घाला. मी घालते, आणि तास संपला तरी मुली उठत नाहीत.

७. उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात कशा गेल्या? हे नियमात बसतं का?

बसतं. एका निवृत्त न्यायाधीश साहेबांनीही मला हे विचारलं होतं, तेव्हा नीट सांगते.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची निवृत्ती ६२ व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयाच्या ६५ व्या वर्षी. फातिमा बीवींना ३० एप्रिल १९८९ रोजी ६२ पूर्ण होत होती, म्हणून आदल्या दिवशी त्या निवृत्त झाल्या. पण संविधानाच्या अनुच्छेद १२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीसाठी ‘सध्या उच्च न्यायालयात न्यायाधीश असणे’ अशी अट नाही. किमान पाच वर्षं न्यायाधीश राहिलेलं असावं, एवढंच म्हटलं आहे. ऑगस्ट १९८३ ते एप्रिल १९८९ ही त्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा होती आणि ६५ ला अजून तीन वर्षं होती. पाच महिने घरी बसलेल्या निवृत्त न्यायमूर्तींना बोलावणं आलं ते असं.

या पाच-सहा महिन्यांमुळं त्यांचा दिल्लीतला काळ तेवढा कमी झाला. अडीच वर्षांहून जरा जास्त, एवढाच तो भरला. खालून एकेक पायरी चढत येणाऱ्याचं वय वाटेतच निघून जातं. बाई उशिरा वर पोचतात, म्हणून थोडाच काळ टिकतात. ही अडचण प्रश्न ११ मध्ये पुन्हा दिसेल.

८. त्या ‘आशियातल्या पहिल्या’ महिला सर्वोच्च न्यायालय न्यायाधीश होत्या ना?

नाही. हे वाक्य भाषणांत, मार्गदर्शक पुस्तकांत, वर्तमानपत्रांतही सापडतं, पण फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयात सेसिलिया मुन्योस पाल्मा १९७३ मध्येच न्यायाधीश झाल्या होत्या. फातिमा बीवी भारतातल्या पहिल्या, आणि तेवढा मान पुरेसा मोठा आहे. चुकीचं विशेषण लावून तो वाढत नाही. शाळेच्या फलकावर ‘आशियातील’ लिहिलं असेल तर कृपया पुसा.

९. त्यांनी कोणते मोठे निकाल दिले? स्त्रियांसाठी काय केलं?

एखादा गाजलेला, घराघरात माहीत असलेला निकाल त्यांच्या नावावर नाही. वक्त्यांना हे सांगायला जड जातं, मला नाही. खंडपीठात नवखा न्यायाधीश बहुतेक वेळा इतरांबरोबर बसतो, आणि अडीच वर्षांत देशाचा कायदा बदलणारं प्रकरण वाट्याला येईलच असं नसतं.

मी विद्यार्थ्यांना त्यांचा १९९१ चा कर्नाटकातला निकाल वाचायला लावते. सरकारनं एक भाग झोपडपट्टी क्षेत्र म्हणून जाहीर केला होता. त्यामुळं रहिवाशांना सुधारणेची आशा मिळाली. मग तीच अधिसूचना मागं घेतली गेली. प्रश्न असा होता की मागं घेताना त्या लोकांचं म्हणणं ऐकायला हवं होतं का. न्या. फातिमा बीवींनी लिहिलं की हवं होतं. एकदा सरकारी आदेशानं लोकांच्या पदरात काही पडलं की ते काढून घेण्याआधी त्यांना बाजू मांडू दिली पाहिजे. नैसर्गिक न्यायाचं तत्त्व झोपडीतल्या माणसालाही लागू होतं, इतकी साधी गोष्ट. अतिक्रमणाच्या नोटिसा घेऊन माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांना आजही याच तत्त्वाचा आधार असतो.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा विशाखा निकाल (१३ ऑगस्ट १९९७) त्यांचा आहे असं पुष्कळांना वाटतं. त्या तेव्हा निवृत्त झालेल्या होत्या. त्या खंडपीठावर न्या. सुजाता मनोहर होत्या. त्यांच्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

१०. राज्यपाल असताना त्यांच्यावर टीका झाली म्हणतात. भाषणात ते सांगावं का?

सांगावं. निवृत्तीनंतर त्या १९९३ पासून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सदस्य होत्या आणि जानेवारी १९९७ मध्ये तमिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. मे २००१ मध्ये त्यांनी जयललितांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. जयललितांना दोषी ठरवून शिक्षा झालेली होती आणि त्यामुळं त्यांचे उमेदवारी अर्जही फेटाळले गेले होते. विधानसभेत बहुमत आहे, म्हणून बोलावलं, अशी राज्यपालांची बाजू होती. जूनअखेर आधीचे मुख्यमंत्री करुणानिधी यांना मध्यरात्री अटक झाली, त्या अटकेवरच्या राज्यपालांच्या अहवालावर केंद्र नाराज झालं, त्यांना परत बोलावण्याची शिफारस झाली आणि जुलै २००१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २१ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं जयललितांची ती नेमणूक घटनाबाह्य ठरवली.

ज्या न्यायालयात त्या बसल्या होत्या, त्याच न्यायालयानं त्यांनी केलेली नेमणूक रद्द केली. माझ्या मते तो निर्णय त्यांचा चुकलाच. पण त्यानं आधीची एकतीस वर्षं पुसली जात नाहीत. विद्यार्थ्यांना दोन्ही सांगितलं की ते जास्त विचारतात, आणि आदर कमी होत नाही हा माझा अनुभव आहे.

२३ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांचं निधन झालं. २०२४ मध्ये मरणोत्तर पद्मभूषण.

११. त्यांच्यानंतर सर्वोच्च न्यायालयात किती महिला आल्या?

त्यांना धरून २०२१ पर्यंत अकरा. फातिमा बीवी (१९८९), सुजाता मनोहर (१९९४), रुमा पाल (२०००), ज्ञानसुधा मिश्रा (२०१०), रंजना देसाई (२०११), आर. भानुमती (२०१४), इंदू मल्होत्रा आणि इंदिरा बॅनर्जी (२०१८), आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी एकाच दिवशी हिमा कोहली, बी. व्ही. नागरत्ना, बेला त्रिवेदी.

२००० ते २०१० या दहा वर्षांत एकही नवी महिला नेमली गेली नाही. फातिमा बीवींनी एका मुलाखतीत म्हटलं होतं की बंद दार आपण उघडलं. दार उघडलं, पण आत येणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षांची अंतरं पडली, याची मला चीड येते.

न्या. नागरत्ना सेवाज्येष्ठतेनुसार सप्टेंबर २०२७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होऊ शकतात, तेही जेमतेम महिनाभरासाठी. फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयात आल्या तेव्हा सरन्यायाधीश होते ई. एस. वेंकटरामय्या, म्हणजे न्या. नागरत्ना यांचे वडील.

१२. आपल्या मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती कोण? आणि आपलं खंडपीठ तेव्हा होतं का?

सुजाता मनोहर, १९७८. १९९४ मध्ये त्याच न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या, मग केरळच्या मुख्य न्यायमूर्ती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालय. त्यांचा रस्ता फातिमा बीवींपेक्षा वेगळा: ऑक्सफर्डचं शिक्षण, मुंबईत वकिली, वडील के. टी. देसाई गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती. त्यांचं मोल यानं कमी होत नाही. पण मराठवाड्यातल्या मुलीला कुठला रस्ता जवळचा वाटेल ते सांगायला नको.

१९७८ मध्ये आपलं खंडपीठ नव्हतं. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कामकाज सुरू झालं २७ ऑगस्ट १९८१ रोजी. त्याआधी अपील करायचं तर नांदेडच्या पक्षकारानं मुंबईची गाडी धरायची.

१३. ‘न्यायाधीश’ आणि ‘न्यायमूर्ती’ यांत फरक काय? बाईंना ‘न्यायाधीशा’ म्हणायचं का?

जिल्हा आणि तालुका न्यायालयात न्यायाधीश, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती, असा मराठीत रिवाज आहे. फातिमा बीवी १९८३ पर्यंत न्यायाधीश, नंतर न्यायमूर्ती. ‘न्यायाधीशा’ नको, पद तेच राहतं. आपल्याकडे कोर्टात पट्टेवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे ‘साहेब’ म्हणतात आणि खुर्चीवर बाई असतील तर ‘मॅडम’. तेवढं चालतं.

१४. मला तालुका कोर्टातून सुरुवात करायची आहे. काय लागेल?

कायद्याची पदवी, सनद आणि मराठीवर पकड, कारण साक्षीपुरावा मराठीतून नोंदवावा लागतो. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा टप्प्यांनी होते. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा लागू केली. ती तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायची. वयोमर्यादा आणि बाकी अटी त्या-त्या जाहिरातीतूनच वाचा, क्लासच्या फलकावरून नको.

ही तीन वर्षं वाया गेली असं समजू नका. माझी पहिली तीन वर्षं एका तालुक्याच्या कोर्टात गेली. तिथं बार रूममध्ये बायकांना बसायला वेगळी जागा नव्हती, जिन्याखाली खुर्ची टाकून मी फायली वाचायची. पण साक्षीदार घाबरला की कसा बोलतो, सातबाऱ्यावरची एक नोंद घर कसं उद्ध्वस्त करते, हे मी त्या जिन्याखाली शिकले.

१५. मी आधीच कनिष्ठ स्तर न्यायाधीश आहे. फातिमा बीवींसारखी सोळा वर्षं वाट पाहायची, की जिल्हा न्यायाधीशाची थेट परीक्षा देता येते?

हा प्रश्न अलीकडे येऊ लागला आणि मला फार आनंद झाला, कारण विचारणारी खुर्चीवर बसलेली असते. पूर्वी उत्तर ‘नाही’ होतं. अनुच्छेद २३३ नुसार थेट भरती सात वर्षं वकिली केलेल्यांसाठी आणि न्यायिक सेवेतल्यांनी बढतीनंच यायचं, असा अर्थ लावला जात होता. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तो बदलला. वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं होत असतील तर सेवेतल्या न्यायाधीशालाही थेट भरतीला बसता येतं, किमान वय ३५. तुमची तीन वर्षं वकिली आणि चार वर्षं सेवा असेल तर सेवेचा दाखला आणि सनदेची प्रत काढून ठेवा, आणि पुढची जाहिरात आली की अर्ज भरा.